गजभारे सरांचा अंगठा

गजभारे सर अजून जिवंत आहेत, तरी तेलंगणातल्या आमच्या नार्नूरच्या बाजारात सगळे त्यांच्याबद्दल 'होते' असंच बोलतात. मीही बोलतो. कोणी टोकलं की जीभ चावतो आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'होते' म्हणतो. माणूस घरात खाटेवर आहे, दोन वेळा भरवलं की जेवतो. पण ज्याला बघून माधव भाजीवाला आपला फोन बनियनच्या आत कोंबायचा, तो माणूस गेला. बरं झालं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तसं म्हणत नाही, पण म्हणणाऱ्याचं तोंडही धरायला जात नाही.

माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. झेरॉक्स, रिचार्ज, फोनची कव्हरं, नवीन सिम, असलं सगळं. सर त्याच मराठी शाळेत शिकवून तिथंच रिटायर झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर येऊन बसायला लागले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशात दोन पेनं: एक निळं, एक लाल. रिटायर झालेल्या माणसाला लाल पेन कशाला लागतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फोन चेनच्या पाकिटात आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. तो बाहेर काढायच्या आधी ते डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे. मी मुकाट्यानं तोंड फिरवायचो. माझ्याच दुकानात!

गावाला फोन सांभाळायला शिकवणं, हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. शाळेत, मंडल ऑफिसच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तहसिलीच्या, व्हरांड्यात, महिला मंडळात, बोलावलं तर बोलावलं, नाही तर आपणहून. पासवर्ड कसा ठेवावा, सिमला कुलूप कसं लावावं, दुसऱ्या पायरीची तपासणी कशी चालू करावी, सगळं फळ्यावर काढून सांगायचे. माणूस चांगलं शिकवायचा, त्यात खोट नाही. आणि शेवटी तीन भाषांत एकच वाक्य, पोरांकडून म्हणून घेतल्यासारखं: "कोनाले नाई सांगायचं. किसी को नहीं बोलना. एवरिकी चेप्पोद्दु."

आमच्या लोकांना या वाक्याची गरजही होती. आमच्याकडं फोनवर मेसेज येतो तो इंग्रजीत नाही तर तेलगूत. आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मराठी वाचता आली तरी देवाची कृपा. मग मेसेज आला की फोन समोर दिसेल त्याच्या हातात द्यायचा, "पाह्य ना बाबू, काय आलं?" आणि तो बाबू भर बाजारात आकडे मोठ्यानं वाचणार. ही आमची जुनी रीत. सर ते ऐकले की चवताळून उठायचे. "माह्या आज्याच्या कागदावर उर्दू व्हतं, तुमच्या फोनात तेलगू हाय. तुमी तेवढेच अडानी राह्यले," म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर असं म्हणायचे. तो म्हातारा पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही, नुकसान माझं व्हायचं.

पण नुसतं बोलून सरांचं समाधान व्हायचं नाही. मार खाल्ल्याशिवाय धडा डोक्यात जात नाही, असं त्यांचं शाळेपासूनचं मत. कोणाचा फोन उघडा दिसला की ते उचलायचे आणि त्याच्या नावानं काहीतरी पाठवून द्यायचे. माधव एकदा वांग्याचं पोतं उतरवायला वळला आणि फोन तराजूपाशी तसाच चालू राहिला. सरांनी त्याच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी दुसरं लगन करून राह्यलो. पोरगी पाहून ठेवली.' घ्या! वांगी उतरेपर्यंत माधवची बायको दोन पोरं घेऊन किनवटच्या गाडीत बसली होती. माधवनं हातापाया पडून सासऱ्याला सगळं सांगितलं, तरी त्यांना पटायला अख्खा हंगाम गेला. सासरा म्हणायचा, "मास्तर मानूस असं कायले करन? तुह्याच पोटात पाप हाय." माधव बाकड्यापाशी येऊन भांडला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "आता कुठी ठेवतं फोन?" माधवनं नकळत छातीवर हात ठेवला. "पाह्यलं?" सर माझ्याकडं वळून म्हणाले, "शिकला."

यावर आम्ही हसलो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण शाळेतल्या संध्या मॅडमचं झालं त्यावर कोणी हसलं नाही. सर तेव्हा नोकरीत होते. टाइप करणाऱ्याच्या मागं उभं राहून नुसती बोटं बघून पासवर्ड ओळखायची त्यांना खोड होती. 'तुमचा पासवर्ड तुमच्या तोंडावर लिवला रायते,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संध्या मॅडम नव्या होत्या, लग्नही नवं. सरांनी मागून बघितलं आणि साऱ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं नाव वाचलं: सुधीर. नावापुढं आकडेही वाचले. मॅडमच्या नवऱ्याचं नाव विलास होतं, आणि विलासचा चुलतभाऊ त्याच खोलीत वह्या तपासत बसला होता.

महिन्याभरात मॅडम बदलीच्या अर्जाची झेरॉक्स काढायला माझ्याकडं आल्या. गालावरची सूज पदरानं झाकली होती. "भाऊ, मी त कोनालेच सांगतलं नव्हतं," एवढंच बोलल्या. मी सरांना म्हणालो, बाईचा संसार मोडला ना तुमच्यापायी. तर मलाच उत्तर, "हॅकरनं पाह्यलं असतं त? मी त घरचा मानूस. पासवर्डात मानसाचं नाव ठेवाचंच कायले?" या माणसाला जगात फक्त एक कुलूप दिसायचं, आणि ते नीट लागलं की नाही एवढंच. दाराआड कोण राहतं याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

एवढ्या कुलुपांच्या माणसानं एक कुलूप मात्र कधी वापरलं नाही. फोन अंगठ्यानं उघडायची सोय त्यांनी चालूच केली नाही. मी एकदा सहज म्हणालो, "सर, अंगठा ठेवा ना. तुमचा अंगठा थोडाच चोरून नेते कोनी?" सरांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या आईवरून बोललो.

मग त्यांनी आज्याची गोष्ट सांगितली. निजामाच्या काळात तलमडुगुकडं आज्याच्या नावावर थोडं रान होतं. त्या वेळी दलित समाजातल्या माणसाच्या नावावर रान असणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. पटवारी उर्दूतला कागद घेऊन आला, घरं मोजून राह्यलो म्हणाला, अंगठा दे. आज्यानं दिला. पेरणीला गेला तर रानात दुसऱ्याचे बैल. "म्हातारा मरेपर्यंत बसल्या बसल्या अंगठा डोक्याच्या केसाले पुसत राहे," सर म्हणाले. "शाई कवाच गेलती. तरी पुसे. मी पाह्यलं हाय माह्या डोयानं. आमी आता सही करनारे लोक आहो. अंगठा नाई लावायचा."

आणि खरंच लावायचे नाहीत. पेन्शनीसाठी दरसाल जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. माझ्या मशीनवर अंगठा टेकवला की काम होतं. सर बस धरून उटनूरला जायचे, साहेबापुढं ताठ उभे राहायचे आणि सही ठोकून यायचे. "मी जित्ता हाय का नाई हे मशीनले कायले इचारता? मले पाहा ना." आधार कार्डाच्या वेळी तेवढी सुटका झाली नाही, दहाही बोटं द्यावी लागली. घरी येऊन सरांनी कपड्याच्या साबणानं हात धुतले, असं काकू सांगायच्या.

काकू म्हणजे सरांची बायको. सगळ्या मंडलाला शिकवणाऱ्या या माणसाची बायको अक्षर अक्षर जोडून वाचायची, आणि तेही चारचौघांत वाचलं तर सर हसायचे, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. गोड पोरगी, बापासारखी ताठ आणि आईसारखी हसरी. नर्सिंग शिकायला मंचेरियलला गेली. आईला वाचता येत नाही म्हणून ती रोज आवाजात निरोप पाठवायची. काकू माझ्या दुकानात रिचार्जला यायच्या आणि फोन कानाला लावून तिथंच ऐकत उभ्या राहायच्या, गालातल्या गालात हसत. "आज भेंडी व्हती म्हन्ते मेसमध्ये. हिले आवडते कुठी भेंडी!"

त्या पोरीला मंचेरियलला ताप आला आणि तापातच ती गेली. नर्सिंग शिकणारी पोरगी तापानं गेली. मैत्रिणींनी तिचा फोटो, नाव, गाव, आईबापाचं नाव, सगळं घालून इंटरनेटवर श्रद्धांजली टाकली. चांगल्या मनानं टाकली असणार.

पुढं थोड्याच दिवसांनी काकूंना फोन आला. आता बघा, आमच्या गावात लहान पोरालाही पाठ होतं की फसवणारा हिंदीत बोलतो, नाही तर तेलगूत. हे सरांनीच पढवलेलं: "हिंदीत साहेब बोलला का फोन ठेवून द्या." पण हा चोर आपल्या बोलीत बोलला. "काकू, मी प्रज्ञाचा दोस्त बोलून राह्यलो. काऊन रडता? तिचे लय फोटो हायेत माह्यापाशी, पाठवतो. एक नंबर येईन तुमाले, तेवढा सांगा." काकूंना अक्षरं अवघड जायची, आकडे यायचे. त्यांनी आकडे सांगितले.

संध्याकाळपर्यंत काकूंच्या नावानं साऱ्या नात्यात, महिला मंडळात, सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांत असली घाण चित्रं गेली की ती मी इथं सांगणार नाही. लोकांनी मिटक्या मारत बघितली आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला पदर लावून आले विचारपूस करायला. गजभारे सरांच्याच घरी चोरी! माधवनं त्या दिवशी बाजारात पेढे वाटले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांनी घेतले त्यांनाही पाहिलं.

सर काकूंना पुढं घालून माझ्या दुकानात आले. अकाउंट सोडवून घ्यायला वेळ लागला, पण सुटलं. मग सर म्हणाले, "हिच्या फोनातलं पोरीचं सगळं माह्या अकाउंटात टाक. हिचा फोन पुसून दे. हिले बटनाचा फोन दे." मी निरोप एकेक करून पाठवायला लागलो आणि एकावर चुकून बोट दाबलं गेलं. दुकानात प्रज्ञा बोलायला लागली:

"आई, ताप हाय थोडा. पप्पाले सांगू नोको, मंग लगेच वरडतात. मी गोळी घेतली ना. तू नोको सांगू बरं?"

निरोप संपला. सरांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. मग त्यांनी काकूंकडं बघितलं. काकू खाली बघत होत्या. "तुले माईत व्हतं," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "पोरीले ताप हाय हे तुले माईत व्हतं, अन् तू सांगतलं नाई."

"तिनंच सांगू नोको म्हनलं," काकू म्हणाल्या.

घरात जिला बापाची भीती वाटत होती ती पोरगी मेली होती, आणि जिनं शब्द पाळला ती समोर उभी होती. सरांनी शिक्षा कोणाला केली हे सांगायला नको. स्वतःला करता येत नसली की माणूस जवळचं माणूस धरतो.

पुढच्या आयतवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर सरांनी बायांना बसवून घेतलं. माइक माझ्या दुकानातून गेला होता, म्हणून मी दाराशी होतो. सरांनी काकूंना समोर उभं केलं.

"सांग, काय केलं तू."

"नंबर सांगतला," काकू म्हणाल्या.

"कोनाले?"

"प्रज्ञाचा दोस्त म्हने तो."

"प्रज्ञा कुठी हाय?"

सरांनी माइक काकूंच्या तोंडापाशी धरला. "सांग ना, कुठी हाय प्रज्ञा?" एक म्हातारी बाई उठली आणि काकूंना धरून बाहेर घेऊन गेली. सर मागून माइकवर म्हणाले, "मेलेल्या मानसाचे दोस्त फोन करत नसतात. लिवून घ्या." कोणी काही लिहिलं नाही.

त्यानंतर सरांनी तो प्रसंग प्रत्येक भाषणात घातला. 'माही बायको' अशी सुरुवात करायचे. शाळेतली पोरं रस्त्यात काकूंना बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची.

पोरीचे निरोप सरांच्या फोनात, फोन आतल्या खिशात. काकूंना ते आयतवारी ऐकायला मिळायचे. एकच निरोप. तोही सर निवडणार. वंदना करून आले की सर खुर्चीत बसायचे, पासवर्ड टाकताना काकूंना भिंतीकडं तोंड करायला लावायचे, आणि मग फोन हातात न देता तिच्या कानापाशी धरायचे. एकदा मी सरांचं पार्सल द्यायला गेलो होतो. काकू म्हणत होत्या, "अजून एक लावा ना. भेंडीचा." सर म्हणाले, "रोज आयकलं का सवय लागते." पाकिटाची चेन ओढली आणि माझ्याकडं वळले, "काय आनलं, दुकानदार?"

सर स्वतः ऐकायचे का? ऐकायचे. सरांच्या संडासामागच्या बोळातून जाताना एकदा मला तो आवाज आला होता, तापाचाच निरोप, पुन्हा पुन्हा. मी खोकललो तसा बंद झाला. हे मी काकूंना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, कोण जाणे.

गेल्या साली कापसाला बोंडं धरली तेव्हा सर माझ्या बाकड्यावरून उठता उठता कोसळले. आदिलाबादच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती, तोंड एकीकडं ओढलं होतं, आणि बोलणंही गेलं होतं. म्हणजे सगळं गेलं नव्हतं. तीन भाषांतलं ते वाक्य होतं ना, त्यातलं मराठीतलं अर्धं उरलं होतं. पाणी हवं का? "नाई सांगायचं." कुठं दुखतं? "नाई सांगायचं." मला ओळखलं का, सर? "नाई सांगायचं." डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार लागला की असं होतं, सवयीचं एखादं वाक्य तेवढं जिभेवर राहतं. काकू हे ऐकून मोठ्यानं हसल्या. दवाखान्यात लोक वळून बघायला लागले.

आणि फोन बंद. पासवर्ड सरांच्या डोक्यात, डोकं असं. काकूंनी फोन त्यांच्यापुढं धरला, आकडे दाखवले. सरांचा डावा हात चांगला होता. बोट एका आकड्यावर जायचं, टेकता टेकता मागं यायचं, मान हलायची: "नाई सांगायचं." त्यांना आठवत नव्हतं की द्यायचं नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. काकूंचं मत विचाराल तर पक्कं आहे. "सगळं आठोते त्याईले," म्हणतात.

भेटायला म्हणून सारा बाजार यायला लागला. प्रत्येकाच्या हातात चार केळी आणि डोक्यात एक पासवर्ड. सगळ्यांची पाळी आली होती, प्रत्येकजण सरांपुढं त्यांचा फोन घेऊन बसायचा. मी ओरडून सांगितलं, जास्त चुका झाल्या तर सगळं पुसलं जाईल, सरांनी तशी सोय करून ठेवली आहे. कोण ऐकतं! माधव तर खाटेवर बसला, सरांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं वळवला. ओढलेलं तोंड, त्यातून गळणारी लाळ. "सर, मानसाचा पासवर्ड तोंडावर लिवला रायते, तुमीच सांगत व्हते ना? वाचू का?" लोक हसले. मी काकूंकडं बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माधवला अडवत नव्हत्या. माधवनं टाकलेला पासवर्ड शेवटचा ठरला. फोन काळा झाला, मग पांढरा, आणि नव्यासारखा उजळून विचारायला लागला, भाषा कोणती हवी?

काकूंनी माझा दंड धरला. "गेली का, बाबू? पोरगी गेली का?"

मी सांगितलं, फोनातलं गेलं, पण सरांच्या अकाउंटात असणार. अकाउंट उघडायला सरांच्या नंबरावर आकडे येतात, ते पाहिजेत. सिमलाही सरांनी कुलूप घातलं होतं आणि तेही चुका करून करून बंद पडलं होतं. म्हणजे नवीन सिम. आणि नवीन सिमसाठी ज्याचा नंबर त्यानं स्वतः यायचं, आणि...

"अन् काय?"

"अंगठा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोतून सरांना दुकानात आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. काकूंनी त्यांना पांढरा शर्ट घातला होता, खिशात पेनं नव्हती. मशीनचा लाल दिवा दिसला तसं सरांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि ती काखेत घातली. आम्ही समजावलं. "सर, पोरीचा आवाज आहे त्यात. तुमचीच पोरगी ना?" सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मूठ उघडेना. "नाई सांगायचं. नाई सांगायचं." रस्त्यावरची माणसं पायरीशी गोळा झाली.

काकू सरांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर टेकल्या. मग म्हणाल्या, "तो हात राहू दे. हा हात काई म्हनत नाई." आणि त्यांनी सरांचा मेलेला उजवा हात उचलला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा. बोटं सोडवली, अंगठा पदरानं पुसला. सरांना कळलं तेव्हा डावा हात काखेतून बाहेर आला आणि उजव्या मनगटाला धरून मागं ओढायला लागला. काकूंनी तो डावा हात आपल्या मांडीखाली दाबून धरला, आणि उजवा अंगठा मशीनवर टेकवला. पहिल्यांदा लागला नाही. मी म्हणालो, जरा जोरात दाबा. त्यांनी दाबला. हिरवा दिवा लागला.

काकूंनी हात सोडले. सर हमसून हमसून रडत होते. मग डाव्या हातानं त्यांनी तो उजवा हात कसाबसा डोक्यापर्यंत उचलला आणि अंगठा केसांना पुसायला लागले. आम्ही त्यांना ऑटोत बसवलं तरी ते पुसतच होते.

अकाउंट उघडलं. सगळे निरोप होते. मी काकूंना नवा फोन दिला आणि ठिपके जोडायचं कुलूप लावून दिलं, रांगोळीसारखं, म्हणजे अक्षरांची कटकट नको. त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं. मी फिरवलं, सवय होतीच.

परवा सरांच्या गोळ्या द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. काकू उंबऱ्यात बसून फोन कानाला लावून ऐकत होत्या, गालातल्या गालात हसत होत्या. सर आत खाटेवर, तोंड दाराकडं.

"सरांना ऐकवता का कधी?" मी विचारलं.

"आयकवतो ना. आयतवारी. एक."

"कोनता?"

"तापाचा."

मी गोळ्यांची पुडी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणालो, काकू, ते ठिपक्यांचं कुलूप कोणाला तरी सांगून ठेवा, उद्या तुम्हाला काही झालं तर. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नाई सांगायचं, बाबू."

खाटेवरून आवाज आला. सरांनी डावा हात पुढं केला होता. मूठ मिटलेली, अंगठा तेवढा वर, फोनच्या दिशेनं. हात ते खाली घेत नव्हते.

काकूंनी फोन पदराखाली घेतला. "त्यानं नाई उघडत, सर," त्या म्हणाल्या.